गोदाम नोंदप्रणाली: सोळा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी, सोमवार

तीन गोदामांची मालनोंद स्प्रेडशीट आणि कागदांवरून एका नव्या प्रणालीवर न्यायची आहे. मुदत १६ आठवडे, टीम ७ जणांची. आठवड्याचे ५ दिवस धरले तर ५६० मनुष्यदिवस होतात. त्यातून रजा, आजारपण, मीटिंगा आणि जुन्या कामांचे फोन वजा जाता ७५ टक्के हाती लागतात, म्हणून आराखडा ४२० दिवसांवर बेतला आहे. पूर्ण ५६० धरून आखलेलं वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात कोलमडतं आणि पुढचे चौदा आठवडे खुलासे देण्यात जातात.

स्टेकहोल्डरांची, म्हणजे या बदलाशी ज्यांचा संबंध येतो त्यांची, यादी झाली. ११ जण आहेत: प्रायोजक (प्रकल्पाला वरून मंजुरी आणि पाठबळ देणारे), गोदाम व्यवहार प्रमुख, हिशेब प्रमुख, माहिती सुरक्षा, खरेदी विभाग, तिन्ही गोदामांचे प्रमुख, अंतर्गत ऑडिट, स्कॅनर पुरवठादार आणि मदत कक्ष. मेंडेलो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकटीत अधिकार आणि रस या दोन अक्षांवर प्रत्येकाला बसवलं. चौकट कामाची आहे, पण एक प्रश्न तिच्यात राहून जातो: या बदलात ह्या माणसाच्या हातून काय जातंय? त्यासाठी यादीला आणखी एक रकाना जोडला. हिशेब प्रमुखांची महिनाअखेरीस आकडे जुळवण्याची मोकळीक जाते. गोदामप्रमुखांची स्वतःची शीट जाते. कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलंय हे त्या शीटमधून फक्त त्यांनाच वाचता येतं. विरोध कुठून आणि का येणार, याचा अंदाज या रकान्यातून आधीच येतो.

८ जानेवारी, बुधवार

रेसी तक्ता भरला. काम करणारा, उत्तरदायी, सल्ला देणारा आणि कळवायचा, असे चार रकाने. नेहमीची चूक म्हणजे हा तक्ता कामांचा करतात. कामं कोण करणार हे टीमला तसंही माहीत असतं. भांडणं होतात ती निर्णयांवरून, म्हणून ओळी निर्णयांच्या लिहिल्या. २३ ओळी झाल्या.

नियम एकच: एका ओळीत उत्तरदायी एकच माणूस. २३ पैकी ४ ओळींत दोन नावं निघाली. तीन जागच्या जागी सुटल्या. चौथी आहे माल-कोडांची मूळ यादी. हिशेब म्हणतो ती आमची, गोदाम व्यवहार म्हणतो आमची. ती ओळ लाल ठेवली आहे.

१३ जानेवारी, सोमवार

डेटा सफाईला किती दिवस? डेटा सांभाळणाऱ्याने तीन आकडे दिले: सगळं नीट गेलं तर ८, नेहमीसारखं गेलं तर १२, बिघडलं तर २८. पर्टच्या सूत्राने मधल्या आकड्याला चारपट वजन देऊन सहाने भागलं: ८ + ४८ + २८ = ८४, भागिले ६ म्हणजे १४. पसारा (२८ वजा ८) भागिले ६, म्हणजे सव्वातीन दिवसांच्या आसपास. हे सूत्र १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात आलं, आणि आजही त्याचा सर्वांत मोठा फायदा गणिताबाहेरचा आहे. ‘बिघडलं तर किती?’ असं विचारल्यावर माणूस काय बिघडू शकतं ते सांगायला लागतो. इथे कळलं की तिसऱ्या गोदामाच्या शीटमध्ये एकाच मालाला तीन-तीन नावं आहेत.

प्रायोजकांना एकच आकडा हवा असतो. त्यांना १४ कळवला नाही. ‘१८ दिवसांत होईल, १४ मध्ये झालं तर आधी कळवू’ असं कळवलं. एकदा वर गेलेला आकडा शब्द म्हणूनच धरला जातो.

१७ जानेवारी, शुक्रवार

निर्णय नोंदवही सुरू केली. या प्रकल्पात दुसरं काही धड जमलं नाही तरी ही वही नीट चालली पाहिजे. रकाने असे: प्रश्न एका वाक्यात, दोन किंवा तीन पर्याय, टीमची शिफारस, निर्णय घेणारी एक व्यक्ती, विचारल्याची तारीख, कधीपर्यंत हवा, निर्णय येईपर्यंत टीम काय धरून चालणार, उशीर झाला तर कोणतं काम थांबतं, आणि शेवटी वय, म्हणजे प्रश्न किती कामाचे दिवस पडून आहे.

यात ‘काय धरून चालणार’ हा रकाना भरायला सगळे टाळाटाळ करतात, कारण तो भरणं म्हणजे थोडी जोखीम अंगावर घेणं. पण तो रिकामा असला की टीम हातावर हात ठेवून बसते. वयाचा रकाना मुद्दाम सर्वांना दिसेल असा ठेवला. काम उशिरा झालं की टीमला जाब विचारला जातो. निर्णय उशिरा झाला तर त्याचा हिशेब कुणाकडेच नसतो, आणि घोंगडं भिजत पडतं.

प्रायोजकांशी आधीच ठरवून घेतलं: वय ५ झालं की प्रश्न आपोआप त्यांच्याकडे जाईल. हे भांडण पेटायच्या आधी ठरलेलं बरं. नंतर ठरवलं तर कुणावर तरी रोख आहे असं वाटतं.

२८ जानेवारी, मंगळवार

माल-कोडांचा प्रश्न सुटला. १५ तारखेला विचारलेला, आज वय ९. पाचव्या दिवशी म्हणजे २२ ला तो वर जायला हवा होता, गेला २४ ला. नियम होता, पण दोन्ही प्रमुख वरिष्ठ असल्याने हात आखडता घेतला गेला. त्या दोन दिवसांत डेटा सफाईचं काम पूर्ण बंद होतं. म्हणून आता वय ५ झालं की वहीतूनच मेल जातो. त्याला कुणाच्या धैर्याची गरज नाही. वर जाण्याच्या आदल्या दिवशी संबंधितांना फोन मात्र करायचा: ‘उद्या हा विषय वर जातोय, तुमची बाजू तुमच्याच शब्दांत लिहून द्या, तशीच जाईल.’ न सांगता वर गेलेला विषय पुढचे दोन महिने डोक्यात राहतो.

सुटला कसा ते लिहून ठेवतो. आधी दोघांशी वेगवेगळं बोलणं झालं, प्रत्येकी २० मिनिटं. चारचौघांत माणूस भूमिका सोडत नाही, एकट्याने बोलताना कारण सांगतो. विचारलं एवढंच की तुमचा कोड नसला तर महिन्यात कुठल्या दिवशी काय अडेल? हिशेबाचं उत्तर: मूल्यांकनाचे गट लावता येणार नाहीत, ताळेबंद अडेल. गोदामाचं उत्तर: कोडावरून मांडणीची जागा कळते, ती कळली नाही तर माल शोधायला दुप्पट वेळ जाईल. म्हणजे दोघांचं भांडण कोडावरून नव्हतंच. कोडाच्या पोटात दोघांनी आपापली माहिती भरली होती. मग एकत्र बसलो ते २५ खऱ्या मालांची यादी कागदावर घेऊन. तत्त्वांवर चर्चा केली असती तर दिवस गेला असता. एकेक ओळ घेतली आणि ४० मिनिटांत ठरलं: कोड अर्थहीन, फक्त क्रमांक, गट आणि जागा हे त्याला जोडलेले दोन वेगळे रकाने. गट हिशेबाच्या ताब्यात, जागा गोदामाच्या. रेसी तक्त्यातली लाल ओळ मोडून दोन ओळी केल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन प्रोग्रामरांचं बिनसलंय. एक म्हणतो माझा कोड मुद्दाम अडवून ठेवतात, दुसरा म्हणतो घाईने काहीही पाठवतात. समजूत काढण्याआधी कामांचा फलक पाहिला. तपासणीला थांबलेले बदल ९, दिवसाला तपासून होतात ३. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सरळ लागू होतो: रांगेतली संख्या भागिले वेग, म्हणजे प्रत्येक बदल सरासरी ३ दिवस थांबणार. तीन दिवसांनी शेरा आला की लिहिणाऱ्याच्या डोक्यातून तो कोड गेलेला असतो, मग चिडचिड होते. स्वभावाचा दोष वाटत होता तो रांगेचा निघाला.

उपाय: तपासणीच्या रांगेत एका वेळी जास्तीत जास्त ४. रांग भरली की नवं काम सुरू करायचं नाही, आधी दुसऱ्याचं तपासायचं. एका बदलात साधारण २०० ओळींपर्यंतच कोड. शेऱ्यांना दोन खुणा: ‘बदलायलाच हवं’ आणि ‘आवडीचा भाग’. दुसऱ्या खुणेवर अडवायचं नाही. दोघांना समोरासमोर बसवलं ते हे आकडे दाखवून, एकमेकांच्या तक्रारी वाचून दाखवून नव्हे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रोजची १५ मिनिटांची उभी बैठक ३२ मिनिटांवर गेली होती. माणसागणिक फिरण्याऐवजी फलक उजवीकडून डावीकडे वाचायचा, म्हणजे संपत आलेलं काम आधी येतं. चर्चा निघाली की फक्त नावं घ्यायची आणि बैठकीनंतर तेवढ्यांनीच थांबायचं. आज १३ मिनिटं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रायोजकांची मागणी: फोनवर रोजचा साठा दिसावा. कॉरिडॉरमध्ये, जाता जाता प्रोग्रामरला सांगितलेली. त्यानेही ‘बघतो’ म्हटलं. हा ‘बघतो’ ऐकणाऱ्याच्या कानाला ‘करतो’ असाच लागतो. टीमला द्यायचं वाक्य ठरवलं: ‘नोंद करून घेतो, परवापर्यंत परिणाम कळवतो.’ यात नकारही नाही आणि कबुलीही नाही.

दोन दिवसांत एका पानाचा परिणाम-अहवाल द्यायचा. या मागणीला १८ मनुष्यदिवस लागतात. पर्याय तीन: तारीख आठवडाभर पुढे, परतीच्या मालाचे अहवाल वगळायचे, किंवा सुरुवातीनंतरच्या दुसऱ्या टप्प्यात. शिफारस तिसऱ्याची. नकार देणं प्रकल्प व्यवस्थापकाचं काम नाही. किंमत सांगून निवड करायला लावणं हे त्याचं काम.

यानिमित्ताने सगळ्या मागण्यांची मॉस्को वर्गवारी पुन्हा केली: हवंच, असावं, असलं तर बरं, यावेळी नाही. या पद्धतीत ‘हवंच’ वर्ग एकूण श्रमाच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा असा दंडक आहे, कारण उरलेलं ४० टक्के हाच अडचणीच्या वेळचा उशीरसोसणारा भाग. आपल्या यादीत ‘हवंच’ ८३ टक्के होतं, म्हणजे श्वास घ्यायला जागाच नव्हती. प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न विचारला: हे नसेल तर त्या दिवशी प्रणाली सुरूच करायची नाही का? ‘नाही, सुरू करू, हाताने भागवू’ असं उत्तर आलं की ओळ खाली. ६४ टक्क्यांवर आलो. प्रायोजकांनी तिसरा पर्याय निवडला, फोनचा अहवाल दुसऱ्या टप्प्यात गेला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सातवा आठवडा संपला. आराखड्याप्रमाणे आजवर १८० दिवसांचं काम व्हायला हवं होतं. झालेल्या कामाचं मोल १५३. त्यावर खर्ची पडले १७४. वेळेचा निर्देशांक १५३ भागिले १८० म्हणजे ०.८५, खर्चाचा १५३ भागिले १७४ म्हणजे ०.८८. हाच वेग राहिला तर ४२० चं काम ४७८ दिवसांना पडेल.

पण नुसता आकडा वर पाठवला तर उत्तर येतं ‘टीमला जोर लावायला सांगा’. म्हणून मागे पडलेले २७ दिवस वहीवरून वेगळे काढले. १६ दिवस तीन निर्णयांच्या वाट पाहण्यात गेले: माल-कोड, सुरक्षेची परवानगी, परतीच्या मालाचा नियम. ६ दिवस डेटा सफाईत, तिसऱ्या गोदामामुळे. ५ दिवस चुकलेल्या अंदाजांमुळे, हे टीमचे. म्हणजे उशिराचा मोठा वाटा टीमच्या खोलीबाहेर घडला. हे लिहिताना कुणाचं नाव घ्यायचं नाही, प्रश्नाचा क्रमांक आणि वय लिहायचं. वय सर्वांनी रोज पाहिलेलं असतं, त्यामुळे वाद होत नाही.

वाईट बातमीचे नियम: कळली त्याच दिवशी सांगायची. पहिल्या वाक्यात परिणाम, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात हवा असलेला निर्णय. आणि समितीत ती प्रायोजकांना पहिल्यांदा ऐकू येता कामा नये. बैठकीच्या आधी १५ मिनिटं वेगळी घ्यायची. लोकांसमोर अचानक कोंडीत सापडलेला प्रायोजक टीमचा राहत नाही. अहवालातला रंगही आज पिवळा नव्हे, लाल ठेवला. खालून वर जाताना लाल रंग प्रत्येक पायरीवर थोडा फिका होतो, म्हणून खाली तो गडदच भरायचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अपेक्षित सूचना आली: आणखी ३ प्रोग्रामर देतो. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. पण नियम सांगून प्रायोजकांचं समाधान होत नाही, हिशेब दाखवावा लागतो. ७ जणांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या २१, १० जणांत ४५. नव्या माणसाला सोबत देण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि आपल्या हातात ९ आठवडे आहेत.

मदत मात्र नाकारली नाही. तोडून देता येईल असं काम आहे: मालाची नावं एकसारखी करणं. त्यासाठी कोड समजायची गरज नाही, माल ओळखायची गरज आहे. हिशेब विभागातून २ जण ३ आठवड्यांसाठी मागितले, म्हणजे ३० दिवस. ते फक्त डेटा सांभाळणाऱ्याशी बोलतील, सगळ्या टीमशी नाही. असं बांधलं की ७ चे ९ जण झाले तरी २१ च्या थेट ३६ जोड्या होत नाहीत.

४ मार्च, मंगळवार

एक काम तीन आठवडे ‘९० टक्के झालंय’. इथून पुढे टक्केवारी बंद. प्रत्येक काम दोन दिवसांच्या तुकड्यांत मोडायचं आणि तुकडा संपला तरच मोजायचा, अर्धवटाला शून्य. या पद्धतीत लपायला जागा उरत नाही, पण आधीच कुढणाऱ्या माणसाला ती जाचकही वाटते. म्हणून लादण्याआधी संबंधित प्रोग्रामरशी अर्धा तास एकट्याने बोलणं झालं. ‘कुठे अडलंय?’ ला उत्तर आलं नाही. ‘हे आज संपवायचं तर तुला दुसऱ्या कुणाकडून काय लागेल?’ असं विचारल्यावर आलं: ‘सर, चाचणी सर्व्हरचा प्रवेश. दोनदा मागितला, तिसऱ्यांदा मागायला बरं वाटेना.’

म्हणजे पुन्हा पडून राहिलेला निर्णयच, फक्त वहीत न आलेला. सुरक्षा विभागाला फोन केला, दोन तासांत प्रवेश मिळाला. काम परवा संपेल. एमी एडमंडसन १९९९ पासून ज्याला टीममधली मानसिक सुरक्षितता म्हणतात ती भाषणाने येत नाही. अडल्याचं सांगितलं की अडचण सुटते, बोलणी बसत नाहीत, हे चार-पाच वेळा डोळ्यांनी दिसावं लागतं. वहीत नोंद करण्याचा अधिकार आजपासून टीममधल्या प्रत्येकाला. आधी तो फक्त दोघांकडे होता, आणि ती रचनेतलीच चूक होती.

११ मार्च, मंगळवार

पहिल्या गोदामाच्या फाटकावर तीन तास उभं राहून पाहणी. हे पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं. नऊ आठवडे उंटावरून शेळ्या हाकल्या गेल्या.

फाटकावरच्या कारकुनाकडे एक लांबट वही आहे. पाठीमागचा पुठ्ठा सुटलेला, सुतळीने बांधलेला. रकाने हाताने आखलेले: वेळ, गाडी क्रमांक, अंदाजे नग, चालकाची सही. काही ओळींच्या टोकाला लाल गोल. गोल म्हणजे माल उतरला पण कागद आलेले नाहीत. कागद आले की गोलात बरोबरची खूण होते. तीन तासांत २२ गाड्या आल्या, ६ ओळींवर लाल गोल. जुन्या शीटमध्ये हा माल कधीच दिसत नाही, कारण खूण झाल्याशिवाय तो पुढे चढवलाच जात नाही. आपल्या प्रणालीत ‘माल आला, कागद बाकी’ अशी अवस्थाच नाही. म्हणजे पहिल्या दिवशी एक तर ६ गाड्या बाहेर उभ्या राहणार, किंवा खोटे क्रमांक टाकून आत घेतल्या जाणार. दुसरं होण्याची शक्यता जास्त, आणि मग साठ्याचे आकडे कायमचे बिघडणार.

६ जानेवारीच्या यादीत ११ नावं होती. फाटकावरचा कारकून त्यात नाही. अधिकार-रसाच्या चौकटीने त्याला खालच्या कोपऱ्यात टाकलं असतं, तेही कुणाला आठवला असता तर. वास्तविक मालाची पहिली नोंद त्याच्या हातून होते. इथून पुढे यादी माणसांपासून सुरू न करता मालाच्या वाटेवरून काढायची: वस्तू किंवा कागद ज्या-ज्या हातातून जातो तो प्रत्येक हात यादीत.

नवी अवस्था घालायला ११ मनुष्यदिवस. ‘असावं’ वर्गातले दोन अहवाल, १२ दिवसांचे, बाहेर काढून ती आत घेतली. गोदाम व्यवहार प्रमुखांनी त्याच दिवशी मान्यता दिली. वय शून्य. पडद्यावरचे रकाने कारकुनाच्याच वहीच्या क्रमाने ठेवले आहेत, लाल गोलासकट.

१८ मार्च, मंगळवार

६० स्कॅनर यायचे होते, आले २४. पुरवठादार ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणतो. तारीख मागून काही हाती लागत नाही, पुरावा मागायचा: माल पाठवल्याची पावती, अनुक्रमांकांची यादी. दोन्ही नाहीत, म्हणजे माल निघालेलाच नाही असं धरून चालायचं. पहिल्या गोदामाला २२ पुरतात. टप्प्याने सुरू करण्याचा प्रस्ताव वहीत टाकला: २६-२७ एप्रिलला पहिलं गोदाम, बाकीची दोन मे अखेरीस. निर्णय प्रायोजकांचा.

२५ मार्च, मंगळवार

टप्प्याला मान्यता २१ लाच आली, वय ३.

आज प्री-मॉर्टेम घेतला, गॅरी क्लाइन यांची पद्धत. प्रश्न असा मांडायचा: मे महिना उजाडलाय, प्रकल्प पार फसलाय, कशामुळे? ‘काय फसू शकतं’ विचारलं की लोक हातचं राखून बोलतात. ‘फसलंय’ धरून विचारलं की मोकळेपणाने लिहितात. १० मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर लिहायचं. मग एकेक जण एकेक चिठ्ठी वाचणार, सर्वांत कनिष्ठाने सुरुवात करायची. वरिष्ठ आधी बोलले की बाकीच्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्याच सुरात वाचल्या जातात. ३१ कारणं आली, सात गट झाले. सर्वाधिक चिठ्ठ्या: मोजणीच्या रात्री माल आत-बाहेर होत राहिला. त्यावर उपाय: शनिवारी संध्याकाळी ६ पासून फाटक बंद, खरेदी विभागाने पुरवठादारांना १० दिवस आधी लेखी कळवायचं.

८ एप्रिल, मंगळवार

प्रशिक्षणाला दोन पर्यवेक्षक आलेच नाहीत. ‘लोकांचा बदलाला विरोध आहे’ असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. फोन केल्यावर कळलं की सकाळी १० ते १२ सर्वाधिक गाड्या असतात आणि प्रशिक्षण नेमकं तेव्हाच. वेळ दुपारी ३ ची केली, दोन तासांऐवजी ४५ मिनिटांचे तीन भाग. दर ८ जणांमागे एक जाणता कामगार आधी तयार करायचा. लोक पुस्तिका उघडत नाहीत, शेजारच्याला विचारतात. जुनी शीट २८ एप्रिलपासून फक्त वाचण्यापुरती राहील, हे आजच जाहीर केलं. दोन्हीकडे लिहिता येत राहिलं तर लोक जुन्याच जागी लिहितात.

१६ एप्रिल, बुधवार

प्रायोजक बदलले. सुरू होण्याला दहा दिवस असताना नवा माणूस आला की सगळेच विषय पुन्हा उकरले जाण्याची भीती असते. त्यांना सादरीकरण दिलं नाही, वही दिली. आजवरचे ५६ निर्णय तीन ढिगांत: बदलले तरी चालतील असे ९; बदलता येतील पण किंमत इतकी, असे १४, समोर मनुष्यदिवस लिहून; आता बदलता न येणारे ३३, कारणासह. फेरविचारासाठी शुक्रवारपर्यंत मुदत ठेवली. त्यांनी दोन उघडले, एक बदलला. नव्या माणसाला छाप पाडायची असते यात वावगं काही नाही. ती कुठे पाडली तर नुकसान होणार नाही हे त्याच्यासमोर ठेवायचं.

२३ एप्रिल, बुधवार

सुरू करायचं की नाही, याची बैठक. निकष ९, मार्चमध्येच सही होऊन ठरलेले. ८ पूर्ण. नववा: नमुन्याच्या ४०० मालांपैकी किमान ९८ टक्के साठा जुळावा. जुळले ३९१, म्हणजे ९७.७५. एका मालाने हुकलं. खोलीतला सूर लगेच ‘९७.५ धरू या’ असा झाला. निकष बैठकीच्या दिवशी हलवायचा नाही, कारण पुढच्या दोन गोदामांच्या वेळी तो आणखी हलेल. न जुळलेले ९ माल एकेक करून उघडले. ६ माल ‘कागद बाकी’ अवस्थेतले निघाले. ते मोजणीत प्रत्यक्ष दिसले पण साठ्यात धरलेले नव्हते, आणि नव्या नियमाप्रमाणे धरायचेही नाहीत. नमुना काढताना ही अवस्था वगळायची हे कुणी लिहिलं नव्हतं. ३ मात्र खऱ्या चुका. गोदाम व्यवहार प्रमुखांनी लेखी निर्णय दिला: ही अवस्था मोजणीतून वगळावी. ते ६ काढून ३९४ पैकी ३९१ जुळले, ९९.२ टक्के. तीन चुका उद्या दुपारपर्यंत दुरुस्त. सुरू करायचं ठरलं.

२८ एप्रिल, सोमवार

पहिलं गोदाम नव्या प्रणालीवर चालू. शनिवारी ६ ला फाटक बंद झालं, मोजणी रविवारी पहाटे २:४० ला संपली. आज दुपारी ४ पर्यंत ३१ गाड्या आत. मदत कक्षाकडे १७ फोन, त्यातले ११ पासवर्डचे. पुढच्या गोदामांसाठी पासवर्ड आदल्या दिवशीच प्रत्येकाच्या हातून उघडून घ्यायचे.

आजवर ४५० मनुष्यदिवस खर्ची पडले, उरलेल्या दोन गोदामांना २४ लागतील असा अंदाज. निर्णय एकूण ६१. पहिल्या सात आठवड्यांत निर्णयाचं मधलं वय ८ दिवस होतं, त्यानंतरच्या नऊत ३.

वहीत उघडे प्रश्न चार: उरलेल्या स्कॅनरांसाठी दुसरा पुरवठादार शोधायचा का (खरेदी, २ मे), फोनवरचा अहवाल कधी (प्रायोजक, ९ मे), तिसऱ्या गोदामातल्या एकाच मालाच्या तीन नावांपैकी कोणतं ठेवायचं (हिशेब, ५ मे, आज वय २), आणि फाटकावरची वही कधी बंद करायची. चौथ्याचा निर्णय कारकुनाच्याच नावावर ठेवला आहे. तो म्हणतो, सलग दहा दिवस पडद्यावरचे लाल गोल आणि वहीतले गोल एकसारखे निघाले की बंद करू. आज वहीत ७ आहेत, पडद्यावर ७.